शाल-श्रीफळाने विहीर भरत नाही

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या पहाटे पाण्याचा हिशेब विचारणारा मास्तर कोणत्याही घरात नकोसाच वाटावा. बाहेर थंडी पडलेली असते, बंबाखाली लाकडे पेटलेली असतात, उटण्याचा वास घरभर दरवळत असतो, आणि न्हाणीघराच्या दाराशी 'आटप लवकर, पाणी निवतंय' अशी आईची हाक चालू असते. अशा वेळी कोणी येऊन 'काय हो, तुमच्या विहिरीत पाणी किती?' असे विचारू लागला, तर घरची मंडळी त्यालाच कारीट समजून पायाखाली चिरडतील! तरीसुद्धा, वाचकहो, मी तो प्रश्न विचारणार आहे, आणि मुद्दाम दिवाळीतच विचारणार आहे.

आपल्याकडे पाण्याविषयी बोलण्याचाही एक हंगाम ठरून गेला आहे. चैत्र सरला की भेगाळलेल्या जमिनीची छायाचित्रे छापून येतात, टँकरभोवतीचे हंडे दिसू लागतात, सभा भरतात, ठराव होतात. मृगाचा पाऊस पडला की विषय संपतो आणि छत्र्यांच्या जाहिराती सुरू होतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर गेले. त्या गाडीचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. ती गाडी ज्या वर्षांनी आणली, त्या वर्षांकडे मात्र कोणी पाहिले नव्हते.

कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारा. उन्हाळ्यातले पाणी उन्हाळ्यात संपत नाही. ते दसरा-दिवाळीत संपते. विहिरी भरलेल्या असतात, ओढ्याला झुळझुळ असते, हात सैल सुटतो, आणि त्याच पंधरा-वीस दिवसांत रब्बीला काय करायचे ते ठरते: हरभरा की कांदा, गहू की ऊस, मोटार किती तास चालवायची, नवी बोअर घ्यायची की नाही. वैशाखातली तहान कार्तिकातच लिहून ठेवलेली असते. आपण ती वाचत नाही, इतकेच. ती वाचून दाखवणारे माणूस गावागावांतून तयार होते, आणि आपण त्याचे काय करतो, हा या लेखाचा विषय आहे.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण या फिर्यादीत एक आरोपी मीही आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतल्या एका खेड्यात मी शाळामास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वाडीवरच्या शाळेला मास्तर मिळेना, म्हणून मानधनावर लागलो आणि तिथेच मुळे धरली. रात्री कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिक झालेल्याने पाण्याच्या शास्त्रात तोंड घालू नये असे कोणाला वाटले, तर त्यांचा राग मानणार नाही. पण एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हे गणित मी सातवीच्या मुलांना घालतो आणि ती मुले ते सोडवतात. चारशे मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी चाळीस लाख लिटर झाले. यात शास्त्राचे भय बाळगण्यासारखे काय आहे?

काही वर्षांपूर्वी हे गणित वर्गात सगळ्यांच्या आधी सोडवणारी एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगणार नाही. सत्काराच्या फलकावर ते एकदा लिहून झाले आहे, तेवढे पुरे. तिची आई पहाटे पाण्याच्या दोन खेपा करून दुसऱ्याच्या शेतावर जाई आणि तिसरी खेप या मुलीच्या वाट्याला येई. म्हणून तिला शाळेत यायला उशीर होई, आणि मी तिला दाराबाहेर उभी करीत असे. कबूल करायचे तर सगळेच कबूल करावे. गणित सुटल्यावर ती पाटीकडे बघत म्हणाली, "गुरुजी, एवढं पाणी पडतं, तर जातं कुठं?"

मला उत्तर येत नव्हते. पुढे दोघांनी मिळून ते शोधले. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमी काळ्या कातळाची आहे. कातळ म्हणजे काही रांजण नव्हे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि सांध्यांत. भेग जेवढी तेवढीच साठवण. म्हणून पुष्कळदा खोल बोअर घेतल्याने नवे पाणी लागत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीतले आपल्या नळीत येते. एकाच शहाळ्यात दुसरी नळी घातली म्हणून शहाळे काही दुप्पट भरत नाही! ही गोष्ट कळायला मोठी विद्वत्ता लागत नाही. विहिरीत टेप सोडून बघावे लागते.

तिने ते केले. बारावी झाल्यावर ती पाण्याच्या एका शिबिराला जाऊन आली, आणि दर पंधरा दिवसांनी गावातल्या सहा विहिरींची पातळी मोजू लागली. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला, हातात शंभर पानी वही, आणि बरोबर माझ्या शाळेतली दोन-तीन पोरे. शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी भिंतीवर खडूने लिहायची. लोक आधी हसले. पुढे जाता-येता भिंतीकडे बघू लागले. त्यानंतर तर म्हातारी माणसे तिला वाटेत थांबवून विचारू लागली, "काय गं, आमच्या हिरीला किती परस हाय?" तीन वर्षांत एकही पंधरवडा चुकला नाही.

तिसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावी तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, काचेचे सन्मानचिन्ह, पाठीमागे भला मोठा फलक. परिचयाचे भाषण माझ्याकडे होते. कादंबरीकाराला व्यासपीठ मिळाले, मग काय विचारता! 'उगवते नेतृत्व', 'जलकन्या', 'आधुनिक भगीरथ' असे एकेक शब्द मी टाळ्यांच्या तालावर सोडले. परतताना एस.टी.च्या तिकिटाचे पैसे तिने पदरचे दिले. शिबिरापासून त्या दिवसापर्यंतच्या साऱ्या कामाबद्दल तिला कोणी एक पैसाही दिलेला नव्हता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात ग्रामसभा भरली. पाऊस कमी झाला होता. मुलगी वही घेऊन उभी राहिली आणि अदबीने, पण स्पष्ट बोलली. विहिरी गेल्या वर्षीपेक्षा चार फुटांनी खाली आहेत. माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढून ठेवले, तर उरलेल्यात ज्वारी-हरभरा निघेल. यंदा उसाची नवी लागण करू नये, नवी बोअर घेऊ नये. क्षणभर कोणी बोलले नाही. मग पुढच्या ओळीतले एक बागायतदार हसत म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाच्या नावावर बागाईत किती?"

"काहीच नाही, तात्या."

"मग आमच्या पाण्याचा हिशेब तू कशापायी करतीस?"

सभा हसली. तिने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत होतो. शाळेच्या नव्या खोलीला त्या गृहस्थांची देणगी होती, आणि पत्रे यायचे राहिले होते.

त्या हिवाळ्यात गावात दोन नव्या बोअरी झाल्या. होळीनंतर पिण्याच्या पाण्याची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. तोवर ती मुलगी पुण्याजवळच्या एका कारखान्यात डबे बांधण्याच्या कामाला लागली होती. तेथे तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, आणि तुझ्या बापाची जमीन किती असे कोणी विचारीत नाही.

ही एका गावची कथा म्हणून सोडून देता आली असती, तर मी तिची कादंबरी केली असती. पण ज्या ज्या तालुक्यातल्या मास्तरांशी बोलतो, त्यांच्याकडे अशी एखादी वही आहे आणि ती मध्येच थांबलेली आहे. पोरे येतात, शिकतात, दोन-तीन वर्षे राबतात, सत्कार घेतात आणि निघून जातात. मग आपण व्यासपीठावरून विचारतो, 'खेड्यांतून नेतृत्व का उभे राहत नाही?' अहो, उभे राहते. पण उभ्याने किती दिवस राहणार? त्याला बसायला आपण जागा दिली आहे काय?

यावर मला जी उत्तरे मिळतात, ती एकेक करून घेतो.

पहिले उत्तर असे, की 'नेता जन्मावा लागतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार होते, राळेगणसिद्धीला अण्णा हजारे होते. आमच्याकडे कोण आहे?' या उत्तराचा मोठा फायदा असा, की ते दिल्यावर काही करावे लागत नाही. अवताराची वाट पाहत बसले की झाले. पण हिवरे बाजारचीच गोष्ट नीट बघा. १९८९ साली एम.कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या एका तरुणाला गावच्या पोरांनीच आग्रह करून सरपंचपदासाठी उभे केले. पुढे उसाला बंदी, शेतीच्या पाण्यासाठी बोअरला बंदी, दरवर्षी पावसाच्या मापाने पाण्याचा ताळेबंद आणि त्याप्रमाणे पिके असे नियम झाले. ते ग्रामसभेत झाले. म्हणजे एकाने सांगितले आणि शेकडो माणसांनी आपल्या फायद्याला मुरड घालून ते पाळले. पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली २०२० साली. १९८९ पासून एकतीस वर्षे झाली. गौरव आला तो शेवटी. गावाची साथ आली ती पहिल्या दिवशी. आपण हा क्रम उलटा करून टाकला आहे. आपण गौरव पहिल्या दिवशी करतो, आणि साथ मात्र देतच नाही.

या चुकीत माझ्या धंद्याचाही हात आहे. कादंबरीला एक नायक लागतो. दहा माणसांनी मिळून केलेले काम आम्ही एकाच्या खांद्यावर देतो, कारण ते वाचायला बरे वाटते. त्यामुळे वाचक नायकाची पूजा करतो, आणि आपल्या गल्लीतली वही घेऊन फिरणारी मुलगी त्याला नायक दिसत नाही, म्हणून ओळखूच येत नाही.

दुसरे उत्तर तर फार सोज्वळ आहे: 'समाजसेवा निःस्वार्थ असावी. पैसे आले की सेवा गेली.' हे वाक्य बोलणाऱ्याला बहुधा दरमहा पगार असतो! मी स्वतः काही वर्षे मानधनावर काढली आहेत. त्या शब्दात मान आहे आणि धनही आहे. माझ्या हाती दोन्ही फारसे आले नाही. ज्याच्या घरी दोन वर्षांचे धान्य आहे, त्यालाच फुकट सेवा परवडते. म्हणजे सेवा निःस्वार्थ हवी असा हट्ट धरला, की नेतृत्व आपोआप पोट भरलेल्यांकडे जाते, आणि पाण्याची खरी झळ ज्यांना लागते ती माणसे बाहेर राहतात. आपल्या पूर्वजांना हे कळत होते. खानदेशात पांझरेसारख्या नद्यांवर जुन्या बंधाऱ्यांची फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, आणि पाणी पाळीनेच घ्यायचे. ते पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या नेमलेले असत, आणि त्यांचा मोबदला लाभधारकच देत. पाटकऱ्याला कोणी 'आधुनिक भगीरथ' म्हणत नसे. त्याच्या घरी धान्य मात्र पोचत असे. पाण्याची व्यवस्था टिकली ती याच्या जोरावर.

तिसरे उत्तर आडून येते. 'मुलगी आहे, लग्न होऊन जाईल; तिच्यावर कशाला खर्च?' पाणी आणते कोण? बाई. पाणी पुरवून वापरते कोण? बाई. पाण्याच्या बैठकीत सतरंजीच्या कडेला बसून ऐकते कोण? तीच बाई! २००५ साली महाराष्ट्रात कालव्याचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवण्याचा चांगला कायदा झाला. पण संस्थेचे सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन नावावर हवी, आणि आपल्या घरांतून सातबाऱ्यावर सुनेचे नाव लावण्याची घाई कोणाला असते? ग्रामपंचायतींत १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या, हे उत्तमच झाले. नाही तर आजही त्या सतरंजीच्या कडेलाच राहिल्या असत्या. मात्र सरपंचपदाचे आरक्षण पाळीने फिरते. एखादी बाई पाच वर्षांत अंदाजपत्रक वाचायला, इंजिनिअरला प्रश्न विचारायला, बंधाऱ्याचा गळका सांडवा ओळखायला शिकते. तोवर पाळी सरते आणि तिचे शिकलेले सारे चुलीपाशी परत जाते. आरक्षण काढा असे मी म्हणत नाही. शिकलेल्या बाईला पाण्याच्या कामात कायमची जागा द्या, असे म्हणतो. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, तेव्हा दर गावी पाच स्त्रियांना पाणी तपासायला शिकवावे, असे त्यात ठरले. पाचजणी! गावोगावी एवढ्या जाणत्या स्त्रिया उभ्या राहिल्या, तर ती केवढी पुंजी होईल! पण शिकवून झाल्यावर त्या पेटीला कुलूप आणि त्या स्त्रियांना रोजगारावर खुरपे, असे झाले तर ती पुंजी मातीत गेली म्हणून समजा.

चौथे उत्तर आहे, 'हे सरकारचे काम आहे.' आहेच, आणि सरकारने पैसा खर्च केला नाही असेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात पलटणीतल्या आणि पोलीसखात्यातल्या फालतू माणसांकडून जागोजागी ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पाणी शेतांत मुरेल, असे सरकारला बजावले. म्हणजे बांध कोठे घालावा, हे आपल्याला एकशेचाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी खडी फोडली, तलाव खणले. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले आणि पाच वर्षांत नऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. २०२० साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी सांगितले, की भूजलाची पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, आणि झालेल्या कामांची देखभालही नीट झाली नाही. खणणारी यंत्रे आली, गेली. मागे बघणारे कोणी नव्हते. आपल्या अंदाजपत्रकात खड्ड्याला जागा आहे. खड्ड्यातला गाळ काढणाऱ्याला, पातळी मोजणाऱ्याला आणि 'आता पुरे' म्हणणाऱ्याला नाही. दगडमातीवर पैसा पडतो, कारण तिचे उद्घाटन करता येते. माणसाचे उद्घाटन कसे करणार?

आता विरोधी बाजूचाही एक प्रश्न प्रामाणिकपणे घेतला पाहिजे, कारण तो मला त्या ग्रामसभेतल्या गृहस्थांनीच नंतर विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, उसाला कारखाना हाय, बांधलेला भाव हाय. तुमच्या ज्वारीला कोण हाय?" यात खोटे काय आहे? ऊस लावणारा शेतकरी राक्षस नव्हे. त्याला कर्ज फेडायचे असते, मुलीचे लग्न करायचे असते, आणि ज्या पिकाचे पैसे नक्की येतात तेच पीक तो घेतो. म्हणून 'ऊस नको' म्हणणाऱ्या पोरीला एकटे पुढे करून चालत नाही. तिच्या मागे नियम लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा लागतो.

तो कसा असावा, हे विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यात दाखवून दिले. हे गृहस्थ पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक. बहात्तरच्या दुष्काळाने अस्वस्थ होऊन नायगावला आले, देवस्थानची उजाड जमीन कराराने घेऊन तिच्यावर प्रयोग केले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, माणसांच्या मापाने वाटायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनीच भरायचा. हा नियम त्या दिवशी आमच्या गावात असता, तर 'तुझ्या बापाच्या नावावर किती?' हा प्रश्न मुळी निघालाच नसता. बाप भूमिहीन असला तरी पाण्यात त्याचा वाटा असता, आणि त्याच्या मुलीचा त्या वहीवर पुढच्या ओळीतल्या माणसाइतकाच हक्क असता. साळुंखे २००२ साली वारले. त्यांच्या नावाने हार घालणे सोपे आहे. त्यांचा एक नियम आपल्या गावात लावून बघणे अवघड आहे. म्हणूनच आपण हार पसंत करतो.

मग करावे काय? उपदेश करून पळून जाणारा मास्तर होण्याची माझी इच्छा नाही, म्हणून चार मागण्या स्पष्ट मांडतो.

गावात पाण्याची वही ठेवणाऱ्या दोन तरी माणसांना ग्रामपंचायतीने दरमहा ठरलेला मोबदला द्यावा. दोन अशासाठी, की एक गेला तर दुसरा वही चालवील आणि तिसऱ्याला शिकवील. पगारी माणूस आळशी होईल अशी भीती वाटत असेल, तर त्याची वही सर्वांसमोर वाचायला लावा. चुकारपणा लपणार नाही. हे पहिले.

पाऊस सरल्यावर आणि रब्बीचा बेत पक्का होण्याआधी एका ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला गेलाच पाहिजे. किती पडले, किती मुरले, पिण्याला किती राखायचे, पिकाला किती उरते. तो मान्य करायचा की नाही हे गावाने ठरवावे; पण ऐकून न घेण्याची मोकळीक कोणालाही असू नये. हे दुसरे.

पाण्याच्या समितीवर बसायला सातबारा लागू नये. तहानेला सातबारा लागत नाही. हे तिसरे.

चौथी मागणी माझ्यासारख्यांकडे आणि तुमच्यासारख्यांकडे आहे. तरुण माणूस जेव्हा गावाला न आवडणारे पण खरे बोलण्यासाठी उभे राहते, तेव्हा त्याच्या शेजारी एखाद्या वडीलधाऱ्याने उठून उभे राहावे. भाषण करू नये; नुसते उभे राहावे. नेतृत्वाला पाठबळ देणे म्हणजे याहून वेगळे काय असते? शिबिरे हवीत, टेप हवी, वही हवी; पण ते सारे मिळालेली मुलगी ज्या क्षणी एकटी पडते, त्या क्षणी आपण चष्मा पुसत बसलो, तर शिबिराचा खर्च वाया गेला.

शहरांतून हा अंक वाचणाऱ्या मंडळींनी 'आमचा काय संबंध?' असे म्हणू नये. तुमच्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव आहे, तेथे तुमची भावकी आहे, यात्रेला तुमची वर्गणी जाते, आणि तुमचा शब्द तेथे ऐकला जातो. यंदा गावच्या मंडळाने कोणाच्या सत्कारासाठी वर्गणी मागितली, तर जरूर द्या. पण एवढे विचारा, की या कार्यकर्त्याला वर्षभर काम करता यावे म्हणून काय तजवीज केली आहे? मांडव, ध्वनिक्षेपक, हार आणि जेवणावळ यांचा खर्च एकदा कागदावर मांडा. तेवढ्यात दोन माणसांची वही किती महिने चालेल, हे गणितही माझ्या सातवीच्या वर्गाला सुटेल.

आता शेवटची गोष्ट. गेल्या दिवाळीत ती मुलगी चार दिवसांच्या सुटीवर गावी आली होती. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी शाळेत आली. शाळा बंद होती. मी कादंबरीची मुद्रिते तपासत बसलो होतो. तिने खिळ्याला टांगलेली टेप काढली, नट हलवून बघितला आणि म्हणाली, "आलेच आहे, तर सहाही विहिरी मोजून टाकते." पोरे जमवून ती गेली आणि दिवे लागायच्या सुमारास परत आली. आकडे लिहायला तिने वही मागितली.

मी ती पेटीतून काढून दिली. तिने शेवटचे लिहिलेले पान उघडले. तारीख तिच्याच अक्षरातली होती, ग्रामसभेनंतरच्या पंधरवड्याची. त्यापुढची सारी पाने कोरी होती. तिने दोन-तीन पाने उलटली, मग विचारले, "गुरुजी, मधले आकडे दुसऱ्या वहीत आहेत का?"

दुसरी वही नव्हती. सहा विहिरी शाळेपासून हाकेच्या अंतरावर, टेप खिळ्याला, पोरे हाताशी, आणि मी मास्तर. 'जलकन्या' शब्द मला सुचला होता. पंधरा दिवसांतून एकदा विहिरीपर्यंत चालत जाणे सुचले नव्हते. मी तिला तसेच सांगितले. ती काही बोलली नाही. कोरी पाने सोडून तिने नव्या पानावर तारीख घातली, सहा आकडे लिहिले आणि वही माझ्या हातात दिली.

त्यानंतरचे आकडे माझ्या अक्षरात आहेत. दोनदा चुकले आहेत. वहीत तसे लिहून ठेवले आहे. या वर्षीच्या ताळेबंदाच्या सभेत ती वही मी वाचणार आहे, पुढच्या ओळीतले गृहस्थ हसले तरी. शाळेच्या खोलीचे पत्रे अजून आलेले नाहीत.